एकुलता एक हीटर

"एकदा हीटरने तापवली, की पुढे ही भट्टी स्वतःच उष्णता देईल," असं आमचे हे नऊ वर्षं सांगतायत. घरातला एकुलता एक हीटर त्या प्रयोगाला जुंपलाय. सासूबाई आणि मी दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडतो. हीटर बंद केला की आधी भट्टीच्या तापमापकाचा काटा पडतो, मग यांचा चेहरा.

काल वैतागून मीच तापलेली इस्त्री भट्टीमागे लपवली. म्हटलं, एकदाचं यश मिळू दे यांना, म्हणजे हीटर तरी सुटेल.

यांनी हीटर बंद केला. काटा जागचा हलला नाही. हे नाचतच बाहेर आले.

"अगं, जमलं! सुरू करायला एक हीटर पुरला, पण आता हिला ताब्यात ठेवायला दुसरा लागणार. गीझरचा काढून घेतो!"