आधी तुम्ही

"आधी तुम्ही," सर म्हणाले आणि हात मागे बांधून दोन पावलं बाजूला झाले.

शिंपीणबाई बघतच राहिल्या. पॅराग्लायडिंगच्या कापडी पंखाची पिशवी अजून पाठीवरून उतरलीही नव्हती. ना ओळखपाळख, ना चार गोष्टी समजावणं, एकदम परीक्षा! मोठी माणसं अशीच असतात, असं त्यांनी मनाला बजावलं. सर दिसतही तसेच होते. डोक्यावर चकचकीत हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. हातमोजे तर इतके कोरे, की ह्यांचा धंदा जोरात चाललाय हे आंधळ्यानेही ओळखावं.

सकाळी ऑफिसातल्या कारकुनाने पिशवी गळ्यात मारली होती. "ही घेऊन मैदानात थांबा. शिकवणारे तिथेच भेटतील." मैदानात चिटपाखरू नव्हतं. होते ते एकटे सर.

बाईंनी अंगातलं नारिंगी जाकीट खाली ओढलं. पाठीवर शाळेचं नाव छापलेलं हे जाकीट भाचीचं. ती इथेच उडायला शिकून गेली होती. तिनेच बैठकीच्या खोलीत चादरीला दोऱ्या बांधून मावशीची तालीम घेतली. एक फुलदाणी त्यात कामी आली.

फुलदाणी फुटली तेव्हाच नवरा म्हणाला होता, "पहिल्या दिवशी तो पंख डोक्यावर उभा राहिला तर पुढे शीक. नाही तर ह्या घरात पुन्हा उडायचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," बाई तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाल्या होत्या. जन्मभर लोकांचे पडदे शिवले. एकदा तरी कापडाने आपल्याला उचलावं, एवढीच त्यांची हौस.

त्यांनी पंख गवतावर पसरला, पट्टे आवळले आणि वाऱ्याकडे पाठ करून पंखासमोर उभ्या राहिल्या.

"आता?" सरांनी विचारलं.

"आता पुढच्या दोऱ्या उचलायच्या."

"हं. का बरं?"

"पंखाचं तोंड उघडतं. हवा आत शिरते."

सरांनी मान डोलावली. चूक की बरोबर, चेहऱ्यावर काही उमटेल तर शपथ.

बाईंनी दोऱ्या उचलल्या. पंख फडफडत वर आला, डावीकडे कलला आणि ओल्या चादरीसारखा धपकन पडला.

"हे असं का झालं, मॅडम?" सर हळूच म्हणाले.

ह्यापेक्षा ओरडले असते तर बरं, बाईंना वाटलं. "तो डावीकडे पडत होता आणि मी उजवीकडे पळाले. घाबरलेला माणूस उलटाच पळतो. पंख पडेल तिकडेच पाऊल टाकायचं, त्याच्या पोटाखाली शिरायचं."

"अच्छा! पुन्हा दाखवा."

बाईंनी मनातल्या मनात नवऱ्याला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा दोऱ्या उचलल्या. पंख वर आला. कलला. बाई त्याच्याखाली शिरल्या. दोन्ही हातांतल्या ब्रेकच्या दोऱ्या जराशा ओढल्या, आणि काय सांगावं! तो अख्खा पंख डोक्यावर छतासारखा उभा राहिला.

"वा! वा!" सरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पलीकडचं गवत झोपलं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सरळ ह्यांच्या दिशेने. वाऱ्याच्या झोताने पंख मागे ओढला आणि बाईंच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"सर, धरा!"

सरांनी पाठीचा पट्टा धरला. दोघंही फरफटत निघाले. समोर काटेरी तारेचं कुंपण होतं, आणि ते काही बाजूला सरकणार नव्हतं. सरांनी घाबरून शिट्टी फुंकली. तिचा कुणाला काय उपयोग, देव जाणे.

"आता काय करायचं?" सर कानाशी ओरडले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्राण कंठाशी आले तरी ह्या माणसाची तोंडी परीक्षा संपेना!

"मागच्या दोऱ्या ओढायच्या!" त्या किंचाळल्या. "आणि पंखाकडेच धावायचं! सोडा मला!"

सरांनी सोडलं. बाईंनी मागच्या दोऱ्या छातीशी ओढल्या आणि अंगावर आलेल्या बैलाकडे धावावं तशा पंखाकडे धावल्या. पंखाचा दम सुटला. तो कुंपणाच्या अलीकडे गोळा होऊन पडला आणि त्याच्यावर बाई पडल्या.

सर धापा टाकत येऊन शेजारी बसले. चष्मा कुठेतरी उडाला होता, हेल्मेट नाकावर आलं होतं.

"सर," बाईंनी श्वास सावरत विचारलं, "खरं सांगा. झाले का मी पास?"

"तुम्ही?" सर खदाखदा हसले. "काय मॅडम, गरिबाची थट्टा करता!"

बाईंचा ऊर भरून आला. घरी जाऊन आधी नवऱ्याला नवी फुलदाणी आणायला लावायची, हे तिथेच ठरलं.

फटफटत एक मोटरसायकल मैदानात शिरली. तिच्यावरून एक मुलगी उडी मारून उतरली. कोपरापर्यंत हात वंगणाने काळे.

"माफ करा हं! वाटेत साखळी तुटली, त्यात फोन बंद पडला," ती धावत येत म्हणाली. मग तिची नजर पंखावर गेली. "अरे देवा! मी शिकवायला यायच्या आधीच उघडलात? ह्या वाऱ्यात? आज नवीन आलेले ते तुम्ही दोघंच ना?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर बाईंकडेच बघत होते.

"दोघं?" सरांचा आवाज चिरकला. "अहो, पण मी तर सकाळपासून ह्यांच्याकडूनच शिकतोय!"