एकाचे नऊ वाघ

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी टाइप केलं होतं, 'उमरेडच्या रस्त्यावर माझ्या एमएच31 स्कूटरला 1 वाघ आडवा आला.' छापून आले नऊ!

संपादकांना आकडे अक्षरात हवे होते. ते काम माझ्या नातीने, रुचिकाने, आयुष्यातल्या पहिल्याच प्रोग्रामकडून करून घेतलं होतं. नंदनवनच्या बागेत सगळे मला हसायला लागले, तसं मी खापर त्या प्रोग्रामवर फोडलं.

"देवराव, पोरीचा प्रोग्रामच कच्चा हाय गा," माझे बागेतले मित्र नत्थूजी म्हणाले.

तोच प्रोग्राम तिला उद्या क्लासमध्ये दाखवायचा होता. माझ्या शेजारी बसलेली रुचिका तावातावाने उठली आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला. '1 वाघ' टाकलं, 'एक वाघ' आला. '5 वाघ' टाकलं, 'पाच वाघ' आले. 'एमएच31' मधल्या चिकटलेल्या आकड्याला प्रोग्रामने हातही लावला नाही. बागेत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग ती माझ्याकडे वळली.

"आबा, माहा प्रोग्राम सुटा आकडा फक्त अक्षरात लिहिते. वाघ तर तुमीच वाढवून राहिले!"