पिवळ्या डोक्याचं पाखरू

मिहायोनं झाडावरून उतरवलेलं मधमाश्यांचं सालीचं नळकांडं जमिनीवर ठेवलं आणि झाकण काढलं. आत एकही मधमाशी नव्हती. पोळ्यांवर पांढरं जाळं पसरलं होतं. त्यातून पतंगासारखं एक बारीक करडं पाखरू निघालं आणि उडायचं सोडून तुरुतुरु पळत सुटलं.

"हाच तो चोर!" मिहायो म्हणाला. "महिनाभर याच्या मागावर आहे मी."

कलुंडेनं पाखरू चिमटीत धरलं. टाबोऱ्याच्या मधकेंद्रात ती चार वर्षं काम करत होती. बापाचा निरोप मिळाला तशी मिळेल त्या गाडीनं आली होती. तिनं पाखरू उन्हात धरलं. अंग राखेच्या रंगाचं, डोकं पिवळं.

"शहरात जाऊन पाखरांची डोकी बघायला शिकलीस होय गं?"

"मेण खाणाऱ्या दोन जातींतलं हे धाकटं, बाबा. थोरल्याचं डोकं असं पिवळं नसतं." तिनं विचारलं, "पहिल्यांदा कुठं दिसलं?"

"याच नळकांड्यात. हे मोहोळ दुबळंच होतं, मूठभर माश्या. बाकीची अकरा नुसती घुमत होती. म्हटलं, हे तिकडं पसरायच्या आत बंदोबस्त करावा."

"कसला बंदोबस्त?"

"तंबाखूवर मारतात ते औषध. बाराही तोंडांत मारलं. पण उशीर झाला. आठवड्यात सगळी मोहोळं खाल्ली यानं."

कलुंडेनं पाखरू सोडून दिलं.

"बाबा, हे भरल्या घराचं काही बिघडवत नाही. आत शिरलंच तर माश्याच ओढून बाहेर टाकतात. घर ओस पडलं, की मग याचं राज्य."

मिहायो तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे ती अकरा, त्या औषधानं..."

तिनं नळकांड्याचं झाकण परत लावलं.

तो उठला. पलीकडच्या झाडाखाली गेला, काठीनं वरचं नळकांडं ठोठावलं, थांबला. मग त्याच्या पुढचं. असं करत तो पार जंगलाच्या कडेला पोचला. तिथलं नळकांडं बुटक्या फांदीवर होतं. त्यानं त्याला कान लावला.

"पोरी, इकडं ये! आहे गं आत काहीतरी. माझे कान गेलेत, तू ऐक."

कलुंडेनं सालीला कान टेकला. आत बारीक कुरकुर चालली होती. त्याच पाखराच्या अळ्या मेण कुरतडत होत्या.

बराच वेळ तिनं कान काढलाच नाही.