बोटीचं गाणं

टाळ्या थांबल्या. कोलमनने गिटारची एक खुंटी पिळून तार सुरात आणली आणि डीलियाने श्वास रोखून धरला. आता तरी म्हणेल.

अकरा गाणी झाली होती. बोस्टनवर झालं, सोडून गेलेल्या बायकोवर झालं, मेलेल्या कुत्र्यावरसुद्धा झालं. पण ‘बोटीचं गाणं’ काही येईना. ज्या गाण्याने जगभर नाव दिलं, ते आपल्याच बेटावर, शाळेच्या खोलीत, चाळीस ओळखीच्या माणसांसमोर म्हणायला याला झालं काय?

“नीट बस की गं,” शेजारची विनी कुजबुजली. “लग्न ठरल्यासारखी काय चुळबुळतेस? एकसष्ट वर्षांची घोडी झालीस.”

“खुर्ची टोचतेय,” डीलिया म्हणाली.

खुर्ची कसली टोचतेय. ते गाणं डीलियाने रचलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी बेट सोडून निघताना कोलमन म्हणाला होता, चल माझ्याबरोबर. तिची आई अंथरुणाला खिळलेली. नाही म्हणायचं होतं, पण तोंडाने बोलवेना. मग तिने दोन कडवी रचली आणि त्याला म्हणून दाखवली: जा तू, बोट थांबायची नाही, वळून बघू नकोस. शहाणा खरंच गेला, आणि गाणंही घेऊन गेला. पुढे ते रेडिओवर लागलं तेव्हा सगळं बेट म्हणालं, आपल्या कोलमनने काय लिहिलंय. डीलियाने चकार शब्द काढला नाही. तिला राग नव्हता. आपले शब्द त्याच्या तोंडी आहेत, एवढ्यावर तिने दिवस काढले. फक्त एकदा, समोर बसून, त्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं. सकाळच्या बोटीने तो परत निघणार होता.

“बोटीचं गाणं होऊ दे रे,” मागून कोणीतरी म्हणालं. मग सगळेच मागे लागले.

कोलमनने मान हलवली. “ते नाही. आज नाही.”

डीलियाने कोट उचलला आणि दाराकडे निघाली.

“थांब, डीलिया,” तो म्हणाला. चाळीस माना वळल्या. “इथली रीत मी विसरलेलो नाही. ज्याचं गाणं, तो खोलीत असताना ते दुसऱ्याने म्हणायचं नसतं. बाहेर आयुष्यभर माझं म्हणून मिरवलं. आता तू म्हण.”

विनीने आ वासला तो मिटायचंच विसरली.

“माझा गळा गेलाय रे आता,” डीलिया म्हणाली.

“गाणाऱ्याने नाव घेऊन बोलावलं, तर नकार देता येत नाही. तेही तुला ठाऊक आहे.”

तो उठून तिच्याजवळ आला. बेटावर गाणाऱ्याचा हात धरतात तसा त्याने तिचा हात धरला आणि तालावर हळूहळू फिरवू लागला. डीलियाने डोळे मिटले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. सगळ्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. गाणं संपलं म्हणून लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, पण डीलिया थांबली नाही.

“आई म्हणाली, जा गं पोरी, पिशवी भरून निघाले,
धक्क्यावर मी पोचले तेव्हा पाणीच मागे उरले.”

कोलमनचा हात फिरायचा थांबला.