नाण्याच्या जागी

उकळत्या पाण्यात कंबरपट्टा खालीवर होत होता आणि पातेल्याच्या तळाशी काहीतरी ठकठक वाजत होतं.

चुलीपाशी पेंगणारा सेइकिची दचकून उठला. "आई, बाहेर काढ तो पट्टा!"

"उवा मरू देत की आधी," तोयो म्हणाली. "वाजतंय ते माझंच नाणं आहे."

मुलगा लढाईवर निघाला तेव्हा तिने स्टेशनाबाहेर उभं राहून हजार बायकांकडून या पट्ट्यावर एकेक लाल गाठ मारून घेतली होती. तो जिवंत परतावा म्हणून मधोमध पाच सेनचं नाणंही शिवलं होतं. काल तो ब्रह्मदेशातून परतला, नुसता हाडांचा सापळा. आल्यापासून झोपूनच होता. नाण्याने आपलं काम केलं, असं ती धरून चालली होती.

तिने काठीने पट्टा उचलला आणि शिवण उसवली. हातात पिस्तुलाची गोळी आली. पितळेची, आखूड, अजून गरम.

"नाणं कुठंय?"

"काढून टाकलं. जागा एकाचीच होती." तो पुन्हा भिंतीला टेकला. "शेवटची गोळी स्वतःसाठी ठेवायची असते, आई. शत्रूच्या हाती लागायच्या आधी."

"मग?"

"वेळ आली तेव्हा हिवतापाने बोटं थरथरत होती. दुहेरी टाका, तूच शिकवलेला. सुटेचना. दातांनी तोडायला घेतला, तोवर ते येऊन ठेपले. पिस्तूल नेलं त्यांनी. उवांच्या पट्ट्याला कोण हात लावतंय!" तो हसायला गेला, पण तेवढंही त्राण नव्हतं. मग त्याने हात पुढे केला. "दे इकडे."

"पिस्तूल नाही म्हणतोस. मग ही कशाला हवी?"

त्याने हात मागे घेतला नाही.

तोयो उठली, परसातल्या संडासाच्या खड्ड्यात गोळी टाकून आली, हात धुतले. शिवणाच्या डब्यातून पाच सेनचं एक नाणं शोधलं आणि ओल्या पट्ट्यातच शिवायला बसली.

"आता कशाला, आई? लढाई संपली."

"तुझी संपली की सांग. मी उसवून देईन." तिने दुहेरी टाका घालून दोरा तोडला. "ऊठ. हात वर कर."

लेफ्टनंट सेइकिची उठला आणि लहान मुलासारखे दोन्ही हात वर करून तिच्यापुढे उभा राहिला.