रिफंडसाठी व्हिडिओ कॉल

नवरा वारल्यावर दीर अंगदनं उमापूरच्या अंजूच्या नावानं क्रिप्टोचं खातं उघडलं. त्यात आलेली रक्कम कंपनीनं संशयास्पद म्हणून अडवली. ती परत हवी तर खातेदारानं व्हिडिओ कॉलवर यायला हवं होतं.

मोबाइलच्या मागं अंगद उभा होता, अंजूच्या लहानग्या आरोहीला कडेवर घेऊन.

“पैसे कुठून आले, ताई?” पडद्यावरच्या कंपनीच्या मॅडमनी विचारलं.

“शेळ्या इकल्या, मॅडम.” अंजूनं पढवल्यासारखं सांगितलं.

“खातं स्वतःच्या मर्जीनं उघडलंत?”

“व्हय.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “आत्ता तुमच्यासोबत कोणी आहे का?”

याचं उत्तर अंगदनं पढवलं नव्हतं. त्यानं आरोहीला छातीशी घट्ट धरलं.

“न्हाई मॅडम,” अंजू म्हणाली, “माझ्यासंगं कुनीच न्हाई.”