फाटकावरची वही

लॉकडाऊनच्या पाचव्या दिवशी भूगावच्या सोसायटीने फाटकाबाहेर चुन्याचे गोल आखले. दूध घालणाऱ्या सगुणाबाईने पहिल्या गोलात उभं राहायचं, समोर मांडलेल्या पातेल्यांत दूध ओतायचं आणि निघून जायचं. चौथ्या मजल्यावरच्या नलिनीकाकूंचं पातेलं मात्र दोन दिवस रांगेत नव्हतं. वॉकर घेऊन त्या खाली उतरणार तरी कशा?

"काकूंना मी वर देऊन येते," सगुणाबाई म्हणाली.

बी-३०४ मध्ये एजंटमार्फत नुकताच राहायला आलेला दिग्विजय आता कोविड समितीत होता. त्याने काठी आडवी धरली. "मावशी, बाहेरच्यांना आत बंदी. रोग तुमच्या गावातूनच येणार."

"इमानातनं आला त्यो रोग, आन् नाव आमच्या गावाचं व्हय?"

"नियम म्हणजे नियम. इथे राहणारे नाहीतर फ्लॅटमालक, एवढेच आत. तेही वहीत नोंद करून."

"मग आन वही."

सॅनिटायझरने ओलं झालेलं पेन घट्ट धरून तिने एकेक अक्षर कोरलं, काठी बाजूला सारली आणि किटली घेऊन जिना चढू लागली. तिला हाक मारायच्या आधी दिग्विजयने वहीत डोकावलं.



नाव: सगुणाबाई. फ्लॅट: बी-३०४. नातं: मालकीण. शेरा: जमिनीच्या बदल्यात मिळालेला. भाडेकरू काठी घेऊन फाटकात हुबा हाय.